क्वाड्रिसेप्स टेंडन तुटल्यावरची शस्त्रक्रिया : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या श्रावणात जिन्याच्या ओल्या पायरीवरून पाय सटकला. तोल सावरायला उजव्या पायावर जोर दिला आणि वाकलेल्या गुडघ्याच्या वर फट्‌कन काहीतरी तुटलं. वय ५३, मधुमेह ११ वर्षांचा.

जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत, म्हणून ‘मुरगळलाय’ म्हणत क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. त्यात ९ दिवस गेले, त्याचा राग अजून आहे. तुटला होता क्वाड्रिसेप्स टेंडन, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याच्या वाटीला जोडणारा जाड पट्टा. तुटलेला टेंडन स्नायूबरोबर वर ओढला जातो, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोडणं सोपं असतं. नुसतं ‘गुडघा सरळ ठेवून टाच उचला’ म्हटलं असतं तरी कळलं असतं. माझी टाच गादीवरून हलत नव्हती. वाटीच्या वर बोट ठेवलं की ते खड्ड्यात जायचं.

सगळे विचारतात, ‘एसीएल (गुडघ्याच्या आतला, दोन हाडं जोडणारा बंध) का?’ नाही. हा वाटीच्या वरचा टेंडन. तो बहुतेकदा चाळिशीनंतर तुटतो, मधुमेह आणि किडनीच्या आजारात धोका जास्त. पूर्ण तुटला असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

कंबरेखाली भूल दिली, वाटीच्या हाडात उभी छिद्रं पाडून त्यातून न विरघळणारे धागे ओवले आणि टेंडन बांधला. तिसऱ्या दिवशी घरी.

खरी कसोटी पुढे. ६ आठवडे लांब ब्रेस, गुडघा अगदी सरळ. पाय टेकवून वॉकरनं चालायला मुभा होती, वाकवायला नाही. ब्रेस निघाला तेव्हा मांडी पाहून बायकोला रडू आलं, इतकी वाळली होती. फिजिओ गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायला लावायच्या. मी जीव खाऊन दाबायचो, स्नायू ढिम्म. मग एका सकाळी त्यांनी माझाच हात मांडीवर ठेवला आणि आत काहीतरी बारीकसं थरथरलं. दहाव्या आठवड्यात टाच वीतभर उचलली, पण गुडघा शेवटी थोडा वाकलेलाच राहायचा. ते जायला पाचवा महिना उजाडला. फिजिओथेरपी कुणी अर्धवट सोडू नका, कळकळीनं सांगतो.

आज गुडघा १२५ अंश वाकतो. खुर्चीवरून हात न टेकता उठतो, सायकल चालवतो. मांडी घालून पाच मिनिटं बसता येतं, उकिडवं नाही. घरचा जिना सोळा पायऱ्यांचा. चढताना सरळ चढतो, उतरताना कठड्यावरचा हात अजून सुटलेला नाही.