दुकानातच उभं राहून दाखवलेला ‘नंबर वन’

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्या काकांचं हार्मोनियम-तबला दुरुस्तीचं दुकान आहे. भात्याची गळती काढणं, सूर मिळवणं, तबल्याची पुडी बदलणं असली कामं. सूरसागरपाशी म्युझिक कॉलेज, म्हणजे 1886 साली सयाजीरावांनी सुरू केलेली गायनशाळा. त्यामुळे गिऱ्हाईक तोंडोतोंडी येत राहिलं. हल्ली पोरं आधी फोनमध्ये शोधतात आणि आपलं दुकान त्यात मागे पडतंय, ही काकांची जुनी कुरकुर. फोन आला तो नेमका त्याच दुखऱ्या जागेवर.

“गूगल की तरफ से बोल रहा हूँ. आपकी दुकान का वेरिफिकेशन बाकी है, मॅप से हट जाएगी.” मग पॅकेज: 10,000 अधिक 18 टक्के जीएसटी, एकूण 11,800. अर्धे आधी, अर्धे ‘रिझल्ट’ दिसल्यावर. हे ‘रिझल्ट दिसल्यावर’ ऐकूनच माणूस निर्धास्त होतो.

पुढे एक टापटीप मुलगा दुकानात आला. दुकानाच्या फोनवर कोड आला तो काकांनी वाचून दाखवला; पैसे भरल्याचा ओटीपी असेल असं वाटलं. तो होता दुकानाच्या गूगल प्रोफाइलचा, म्हणजे नकाशावरच्या नोंदीचा, ताबा देणारा कोड. दुकान नकाशावर कुणा गिऱ्हाइकाने कधीच टाकून ठेवलं होतं, पण त्यावर मालकी कुणी सांगितली नव्हती. ती या मुलाने स्वतःच्या जीमेलवरून सांगितली. गूगलच्या दप्तरी काका आपल्याच दुकानाचे कोणी लागत नव्हते.

काही दिवसांनी तो पुन्हा आला. काउंटरवर स्वतःचा फोन ठेवून ‘हार्मोनियम रिपेअर नियर मी’ टाकलं. पहिलंच नाव काकांचं! उरलेले पैसे मिळाले, वर चहाही.

खरी मेख इथे आहे. जवळपासच्या दुकानांचा क्रम कशावरून लागतो, हे गूगल स्वतःच सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी दुकान किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे आणि त्याचा नावलौकिक किती. दुकानातच उभं राहून शोधलं की अंतर शून्य. पॅकेज नसतं तरी नाव वरच दिसलं असतं. लांब मांजलपूरला राहणाऱ्या आत्याला मी तेच शोधायला लावलं, तर तिच्या फोनवर दुकान कुठल्या कुठे खाली. असा ‘रिझल्ट’ कुणी दाखवला तर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या नातेवाइकाला फोन लावा. आणि हा क्रम गूगल पैसे घेऊन विकत नाही, प्रोफाइल तर फुकटच असते. पैसे देऊन दिसते ती जाहिरात, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं.

पुढचं कळलं ते एका विद्यार्थिनीमुळे. ती येऊन म्हणाली, “काका, फोनवर तुम्ही नुसत्या भात्याचे चार हजार सांगितलेत?” काकांनी असा फोन घेतलाच नव्हता. तिचा मोबाइल पाहिला तर दुकानाच्या नावाखाली नंबर भलत्याचाच. येणारी कामं परस्पर दुसरीकडे वळवली जात होती. नावापुढे ‘बेस्ट हार्मोनियम तबला रिपेअर शॉप वडोदरा’ अशी शेपटी जोडलेली. पाटीवर नसलेलं नाव घालणं गूगलच्या नियमात बसत नाही, त्यावरून प्रोफाइल बंद होऊ शकते. आणि एकाच संध्याकाळी पडलेल्या पंचतारांकित रिव्ह्यूंपैकी एकात लिहिलं होतं, “पनीर बहुत सॉफ्ट था.” हसावं की रडावं!

मुलाला फोन केला तर तो थंडपणे म्हणाला, “रिन्यूअल भरा, मग ॲक्सेस देतो.” बिलावरचा जीएसटी नंबर 07 पासून सुरू होत होता, म्हणजे दिल्लीचा, गुजरातचा 24 पासून असतो. पोर्टलवर टाकून पाहिला, तर तसा नंबरच नाही.

सोडवणूक अशी झाली. गूगलवर दुकानाचं नाव शोधून, तिथल्याच पर्यायातून काकांच्या जीमेलवरून मालकीची मागणी केली. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्याने नकार दिला, मग अपील. गुमास्ताधाऱ्याचा, म्हणजे दुकान नोंदणीचा, दाखला आणि लाइट बिल जोडलं आणि व्हिडिओ काढला: रस्ता, पाटी, काका किल्लीने शटर उघडताहेत, आत उघडी पडलेली पेटी. व्हिडिओ सलग लागतो, मध्ये कापलेला चालत नाही. काका शटरशी अडखळले म्हणून आम्हाला पहिल्यापासून काढावा लागला. ताबा मिळाल्यावर आधी फोन नंबर बदलला, मग नावाची शेपटी छाटली आणि खोट्या रिव्ह्यूंची तक्रार केली.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवली. पैसे आलेले नाहीत. असं काही झालं तर 1930 ला त्याच दिवशी फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता आली तर येते. आम्ही फार उशिरा केला.

तुमचं दुकान नकाशावर असेल तर आजच प्रोफाइलमध्ये जाऊन ‘मुख्य मालक’ म्हणून कुणाचा ईमेल आहे ते बघा. भाच्याचा, जुन्या नोकराचा, वेबसाइट करून देणाऱ्याचा, कुणाचाही निघू शकतो. बाहेरच्याला काम द्यायचंच असेल तर त्याला ‘व्यवस्थापक’ म्हणून घ्या, मालक म्हणून नको.

तो भलता नंबर एव्हाना आणखी दोन-तीन बिझनेस डिरेक्टऱ्यांत चढलाय. तिथून काढायचं काम अजून चालू आहे.