प्रकाश की अणू? गुरुत्वीय लहरी पकडण्याच्या दोन वाटा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (ताऱ्यांच्या टकरींसारख्या प्रचंड घडामोडींनी अवकाश-काळात उठणारे तरंग) टिपणारी वेधशाळा होतेय. तिथं ४ किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांत लेझर धावेल. लहर आली की भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान फरक पडतो, तोच टिपायचा. ही पद्धत २०१५ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाली. अडचण एकच मोठी: साधारण १० हर्ट्झखाली (सेकंदाला १० पेक्षा कमी कंपनं) जमिनीची थरथर सगळं झाकून टाकते.

दुसरी वाट अणूंची. अतिशीत स्ट्रॉन्शियमचे अणू निर्वात नळीत मोकळे सोडायचे, लेझरनं त्यांचं व्यतिकरण (अणूंच्या लाटा एकमेकींत मिसळून उठणारी नक्षी) वाचायचं. मोकळ्या पडणाऱ्या अणूला जमिनीचे धक्के थेट बसत नाहीत, म्हणून १ हर्ट्झच्या आसपासचा पट्टा खुला होऊ शकतो. अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेचा १०० मीटरचा प्रयोग त्याच दिशेनं आहे. अणूंच्या वाटेनं अजून लहर सापडलेली नाही, म्हणून आज माझं मत प्रकाशालाच. पण परभणी-नांदेडच्या एमएस्सीच्या पोरांनो, शीतअणूंत हात घालायला जागा भरपूर आहे!