लॅमिंग्टन रोडवरचे माझे ऑडिओवाले काका
रेकॉर्ड प्लेअरला नवं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, घ्यायचं म्हणून नेहमीच्या दुकानात गेले. काकांनी आधी माझी भूपाची रेकॉर्ड लावली, डोळे मिटून ऐकली. मग भिंगातून सुई पाहिली. "ताई, कार्ट्रिज बदलू नका. तुमच्या ऑर्टोफोन टू-एम रेड कार्ट्रिजच्या बॉडीवर त्याच्या वरच्या मॉडेलची, टू-एम ब्लूची सुई बसते. तेवढीच घ्या." इवल्याशा वजनकाट्यावर सुईचा दाब १.८ ग्रॅम जुळवून दिला. तानपुरा असा मोकळा झाला की अंगावर शहारा आला!

याआधी एका पॉश शोरूमने महागडी केबल गळ्यात मारली होती, नंतर फोनही उचलला नाही. इथे बारा वर्षांत तसं एकदाही झालं नाही. पार्किंगचे हाल होतात, तरी जा. आणि जाताना आपली रोजच्या ऐकण्यातली रेकॉर्ड न्या, काका तीच लावून दाखवतात.