180 किलो धागा आणि दोन निळे कॅन

पुण्यात धायरीच्या उतारावर आमची 48 सदनिकांची सोसायटी आहे. दर पावसाळ्यात वरच्या रस्त्याचं पाणी आत यायचं आणि बी विंगच्या पार्किंगमध्ये घोट्याएवढं साचायचं. मी तेव्हा खजिनदार होते. सिंकिंग फंडातून सच्छिद्र डांबराचा रस्ता करून घ्यायचा ठराव सर्वसाधारण सभेत मीच मांडला. पैसे लोकांचे होते, म्हणून जे झालं ते लिहायची जबाबदारीही माझीच आहे.

आधी हा रस्ता काय असतो ते सांगते, कारण फसवणूक नेमकी तिथेच झाली. नेहमीच्या डांबरी रस्त्यात मोठ्या खडीमधल्या फटी बारीक खडी आणि कच घालून बुजवतात. सच्छिद्र डांबरात कच जवळजवळ नसते. 20 टक्क्यांच्या आसपास पोकळी मुद्दाम ठेवतात, पाणी तिच्यातून खालच्या खडीच्या थरात उतरतं. पण यामुळे खडीला खडी टेकते तेवढ्याच जागी डांबराची पकड असते. हवा आणि पाणी आतपर्यंत पोचतं, डांबर लवकर जुनं होऊन ठिसूळ होतं आणि खडी सुटू लागते. खडीवर डांबराचा लेप जाड ठेवावा, तर गरम मिश्रणातून तो खाली गळतो. म्हणून सेल्युलोजचा धागा घालतात, तो डांबर धरून ठेवतो. एसबीएस नावाचं पॉलिमर डांबराला चिवटपणा देतं. विरी गेलेला चुना घातला की पाण्यामुळे डांबर खडीपासून सहज सुटत नाही. या तीन गोष्टी नसतील तर असा रस्ता गाड्यांच्या चाकाखाली टिकत नाही.

ठेकेदाराने हे सगळं मला याहून छान समजावलं होतं. लॅपटॉपवर नेदरलँड्सचा व्हिडिओ दाखवला. डेल्फ्ट विद्यापीठाच्या एरिक श्लांगेन यांनी सच्छिद्र डांबरात स्टील वूलचे, म्हणजे बारीक पोलादी, तंतू मिसळले आणि 2010 मध्ये तिथल्या ए58 महामार्गावर तसा एक तुकडा केला. वरून इंडक्शनचं यंत्र फिरवलं की तंतू तापतात, डांबर मऊ होतं आणि बारीक भेगा मिटतात. हे खरं आहे. खोटं होतं ते त्याचं पुढचं वाक्य: "मॅडम, तेच तंत्रज्ञान आपल्याकडे लिक्विडमध्ये आलंय. जंगली महाराज रोडसारखा टिकेल." वर्षानुवर्षं खड्ड्यांशिवाय टिकलेला रस्ता म्हणून त्याची ख्याती आहे; पुण्यात रस्त्याची गोष्ट निघाली आणि कुणी जंगली महाराज रोडचं नाव घेतलं की समोरचा माणूस निम्मा विरघळतो. मीही विरघळले.

एकूण कोटेशन 11 लाख 40 हजारांचं होतं. त्यात 2 लाख 60 हजार फक्त धागा, पॉलिमर, चुना आणि त्या 'लिक्विड'चे. सोबत प्रयोगशाळेचे अहवाल जोडलेले होते. मी बँकेत 31 वर्षं कागद तपासले आहेत. सही, शिक्का, तारीख सगळं पाहिलं. नमुना कुठल्या कामाचा आहे, ती एकच ओळ वाचली नाही. तो दुसऱ्याच कुठल्यातरी कामाचा होता.

काम मे महिन्यात झालं. पाच डंपर आले. ठेकेदाराच्या माणसाने आमच्यासमोर त्या 'लिक्विड'चे दोन निळे कॅन डंपरमधल्या मिश्रणावर ओतले आणि आम्ही फोटो काढले. आता कळतं की डंपरमध्ये वरून ओतून काही मिसळत नसतं. धागा हॉटमिक्स प्लांटमध्ये, डांबर पडायच्या आधी गरम खडीत जातो. पॉलिमर डांबरातच आधी मिसळलेलं असतं. आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. डंपर रिकामा होत आला तेव्हा तळाशी काळं डांबर साचून चकाकत होतं आणि वरची खडी करडी, कोरडी दिसत होती. लेप गळून गेला होता. धागा नसल्याची त्याहून उघड खूण नसते. आमच्या वॉचमनने विचारलंसुद्धा, "मॅडम, हे असं तेलकट का?" मी त्याला गप्प केलं. तो प्रश्न मला अजून टोचतो.

जूनमध्ये पाणी खरंच जिरलं. बी विंगच्या लोकांनी पेढे वाटले. मी उरलेलं बिल चुकतं केलं, फक्त दहा टक्के मागे ठेवले. गौरी-गणपतीच्या आत गेटच्या वळणावर, जिथे गाड्या जागेवर स्टिअरिंग फिरवतात, तिथे खडी सुटायला लागली. रोज सकाळी सुपलीभर निघायची. तळमजल्यावरच्या आजी त्या खड्यांवरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. ठेकेदार म्हणाला, "पॉवर स्टिअरिंगमुळे होतं." त्यानंतर फोन बंद.

आम्ही रस्त्याचे गोल तुकडे कापून एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेले. डांबर द्रावकात विरघळवलं, तर खडीबरोबर धागा उरायला हवा होता. एक तंतू निघाला नाही. वेगळं काढलेलं डांबर ताणून मधोमध कापलं आणि तासभर ठेवलं. पॉलिमरचं डांबर बरंचसं परत आखडतं, आमचं होतं तिथेच राहिलं. मग कँटाब्रो चाचणी: नमुना लोखंडी गोळ्यांशिवाय पिंपात 300 फेरे फिरवतात आणि वजन किती घटलं ते बघतात. चांगल्या मिश्रणात घट 20 टक्क्यांच्या आत असावी लागते. आमचा नमुना निम्मा झाला.

हिशेब तर मला स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभ्याने करता आला असता. 600 चौरस मीटर, 5 सेंटिमीटर जाडी, म्हणजे 30 घनमीटर. हे मिश्रण घनमीटरला साधारण 2 टन भरतं, म्हणजे 60 टन. धागा मिश्रणाच्या 0.3 टक्के, म्हणजे 180 किलो. 180 किलो धाग्याच्या गोण्यांचा केवढा ढीग होतो! मी एकदा प्लांटवर जाऊन "गोण्या दाखवा, वजनकाट्याचं चलान दाखवा" म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. डांबराच्या टँकरचं चलानही मागायचं असतं, त्यावर ग्रेड लिहिलेली असते. आमच्या रस्त्यात बहुधा व्हीजी-30, म्हणजे पॉलिमर नसलेलं साधं डांबर गेलं. आणि प्रत्येक डंपरमधून सैल मिश्रणाचा डबा भरून, सील करून, स्वतःच्या ताब्यात ठेवायचा. धागा आणि पॉलिमर रस्ता अंथरल्यावर वरून दिसत नाही, आणि नंतर तुकडे कापून सिद्ध करायला आम्हाला चार महिने आणि वेगळे पैसे लागले.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. हमीपत्रात 'पृष्ठभाग धूळमुक्त ठेवल्यास' अशी अट होती, ठेकेदाराचा वकील तिच्यावरच बोट ठेवतो. सच्छिद्र रस्ता धुळीने बुजतो हे खरं आहे, पण आमची तक्रार बुजण्याची नाही, खडी सुटण्याची आहे.

कापलेले तुकडे सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात आहेत. अंगठ्याने दाबलं तरी खडी हातात येते. तुमच्या सोसायटीत कुणी निळा कॅन घेऊन आला असेल, तर सही करण्याआधी येऊन ते हातात घेऊन बघा.