स्वाक्स: मेल परत का येतो ते दाखवणारं हत्यार

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा मेल सर्व्हर मी बघतो. गेल्या महिन्यात चेन्नईच्या गिऱ्हाइकाला पाठवलेली कोटेशनं धडाधड परत यायला लागली. सेल्सच्या पोरानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या अर्धवट स्क्रीनशॉटात एवढंच दिसत होतं: ५५० सेंडर व्हेरिफाय फेल्ड, म्हणजे पाठवणाऱ्याची पडताळणी फसली म्हणून नकार. मेल खरंच आपल्याकडूनच गेलाय का ते तपासायच्या खुणा बघितल्या: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, रिव्हर्स डीएनएसही जागेवर. दोन दिवस मी नको तिथंच खणत बसलो.

शेवटी स्वाक्स टाकलं, मेल सर्व्हरशी एकेक पायरीनं बोलून बघायचं कमांडलाइनचं हत्यार. पर्लमध्ये लिहिलेलं, फुकट, डेबियन लिनक्सवर एका ओळीत बसतं. भानगड अशी की समोरचं एक्झिम (तिकडचं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) मेल घेण्याआधी उलट आपल्याच सर्व्हरला गाठून विचारतं, हा पत्ता तुमच्याकडं आहे का? विचारताना स्वतःचा पत्ता देत नाही, नुसते रिकामे कोनी कंस. हेच सोंग स्वाक्सकडून वठवून घेता येतं. फ्रॉममध्ये रिकामे कंस, टूमध्ये आपल्या सेल्सचा पत्ता, शेवटी क्विट-आफ्टर, म्हणजे कुठल्या पायरीनंतर बोलणं तोडायचं ते.

पहिल्या खेपेला मी क्विट-आफ्टर मेल दिलं, म्हणजे पाठवणारा कोण ते सांगून थांबायचं. २५० आलं, म्हणजे होकार. म्हटलं, आपलं बरोबर आहे, चूक चेन्नईची. पण आमच्या सर्व्हरवरचं पोस्टफिक्स नकार पोटात ठेवतं आणि आरसीपीटी, म्हणजे मेल कुणाला ती पायरी, आल्यावरच तोंड उघडतं. क्विट-आफ्टर आरसीपीटी दिल्याबरोबर ५५४, सरळ नकार! अशा नकाराच्या ओळीला स्वाक्स बाणापुढं दोन चांदण्या लावतं, त्यामुळं नजरेतून सुटत नाही.

रिकाम्या कंसांना हाकलायचा तो नियम मीच घातला होता, बाउन्सचा पूर आला होता तेव्हा. बाउन्स म्हणजे मेल पोचला नाही अशी परत येणारी सूचना, तीही रिकाम्या कंसांतूनच येते. त्यानंतर बाहेरच्या सर्व्हरकडून एकही बाउन्स येईना म्हणून मी खूश होतो. खरेखुरे बाउन्सही त्यातच अडकत होते, ते आता कळलं. नियम काढला तरी कोटेशन लगेच गेलं नाही. एक्झिम मूळ सेटिंगवर असेल तर नकार दोन तास लक्षात ठेवतं, आणि ते स्वाक्सला दिसायचं कारण नाही.

पाचातले साडेचार. घरच्या ब्रॉडबँडवरून चालवायला जाऊ नका, मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात तो पोर्ट २५ तिथं बहुधा बंदच असतो. मी बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवरून चालवलं. अर्धा गुण कापला तो दुसऱ्याच कारणानं: क्विट-आफ्टर विसरलात तर स्वाक्स खरोखरचा मेल पाठवून मोकळं होतं. दुरुस्तीनंतरच्या गडबडीत 'धिस इज अ टेस्ट मेलिंग' असे सहा मेल सेल्सच्या पोराला गेले. लगेच फोन, "सायेब, आपलं हॅक झालंय व्हय?"