साबण तोच, वडीचं पोट मात्र खपाटीला
बरीच वर्षं आमच्या घरात हाच साबण. वास छान, फेस भरपूर, त्याबद्दल तक्रार नाही. पण परवा कपाट आवरताना जुनं खोकं सापडलं, त्यावर 125 ग्रॅम. नव्यावर मागच्या बाजूला, बारीक अक्षरात 100. खोकं तेवढंच! वडीच्या मधोमध खोलगट बाक दिलाय, म्हणून हातात घेऊनही कळत नाही. किंमत तीच ठेवली असती तरी ग्रॅममागे 25 टक्के वाढ झाली असती. यांनी तर किंमतही वाढवली. महिनाभर पुरणारी वडी आता आठवडाभर आधीच संपते. सरळ भाव वाढवला असता तर कुरकुरत का होईना, दिला असता. ही लपवाछपवी चीड आणते. आता घेताना आधी वजन बघते. दोन तारे, तेही वासासाठी.