गाडी गरम होत असेल तर नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या या रेडिएटरवाल्या काकांना आधी दाखवा

मे महिन्यात शहापूरहून मामेभावाचं लग्न उरकून नाशिकला परत येत होतो, गाडी मीच चालवत होते, मागे आई आणि मुलगा. कसारा घाटात ट्रकमागे ट्रक, फर्स्ट-सेकंडवर रांगत चाललेलो, एसी फुल. अर्ध्या घाटात लक्ष गेलं तर टेंपरेचरचा काटा, जो एरवी मधोमध असतो, तो लाल रेघेला टेकायला आलेला.

लगेच एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर फुल गरमवर टाकला. आई म्हणे अगं उकाड्याने जीव चाललाय आणि हीटर कसला लावतेस, पण हीटर इंजिनचीच उष्णता ओढून आत सोडतो, त्यामुळे काटा थोडा तरी खाली येतो आणि थांबायला जागा मिळेपर्यंत तेवढं पुरतं. पुढे रुंद जागा दिसली तिथे डावीकडे घेतली, चारी इंडिकेटर लावले, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. एक भले गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन आले, म्हणाले रेडिएटरचं झाकण उघडून ओता. मी नाहीच म्हणाले. आतलं पाणी प्रेशरमध्ये असतं म्हणून १०० डिग्रीच्या वर गेलं तरी उकळत नाही, झाकण फिरवलं की प्रेशर सुटतं आणि सगळं तोंडावर उडतं, माणसं भाजलीयेत अशी. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. पाऊण तास थांबलो, हाताला गार लागल्यावर अर्धी बाटली पिण्याचं पाणी कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत घातलं आणि काट्यावर नजर ठेवून एसीशिवाय घरी आलो. घाट संपल्यावर काटा आपोआप मधे आला. (गाडी चाललीच नसती तर हायवेचा १०३३ नंबर आहे, सेव्ह करून ठेवा.)

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं रेडिएटर आणि फॅन पूर्ण बदला, साडेनऊ हजार. मन मानेना. मग शेजारच्या वहिनींनी द्वारकेजवळच्या या काकांचं सांगितलं, पत्र्याचं छोटंसं गॅरेज आहे, बाहेर जुने रेडिएटर रचून ठेवलेत ती खूण.

काकांनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "ताई, पळताना तापते का उभी असताना?" मी म्हटलं घाटात, ट्रॅफिकमध्ये, हायवेला काही नाही. म्हणाले मग आधी फॅन बघू, पळताना वाऱ्यानेच रेडिएटर गार होतो, उभ्या गाडीला फॅनशिवाय कोण आहे. एसी लावायला सांगितला, एसीबरोबर फॅन फिरायला पाहिजे, फिरला नाही. मग फॅनला बॅटरीवरून डायरेक्ट वायर दिली तर गरगर फिरला! म्हणजे मोटर चांगली होती. कनेक्टर काढून माझ्या हातात दिला, पांढरं प्लास्टिक वितळून गुळाच्या पाकासारखं झालेलं आणि आतली एक पिन काळी ठिक्कर. एवढ्याशा तुकड्यासाठी मी साडेनऊ हजार भरणार होते.

तेवढ्यावर थांबले नाहीत. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून ऑइल बोटांवर चोळून बघितलं, हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलं असेल तर पाणी मिसळून ऑइल चहासारखं दुधट दिसतं म्हणाले, आमचं नीट होतं. कूलंट मात्र तांबूस, कारण दोन वर्षं सर्व्हिसिंगला कुणीतरी बोअरचं पाणी टॉप-अप करत होतं, त्याने आत गंज आणि क्षार धरतात. सगळं फ्लश करून नवीन कूलंट भरलं, झाकणाचं रबर कडक झालेलं म्हणून झाकणही बदललं. कनेक्टर, रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच), झाकण, कूलंट, मजुरी धरून १,८५० रुपये. जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले. आणि मिस्टर बाजूला उभे असताना सगळं मला समजावून सांगितलं, कारण गाडी मी चालवते, हे मला फार आवडलं.

गैरसोयी पण सांगते. बसायला जागा नाही, गल्ली अरुंद त्यामुळे गाडी लावायला त्रास, पक्कं बिल मागितलं तरच मिळतं, आणि एका गाडीचं काम पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावत नाहीत, माझे तीन तास गेले. घाई असेल तर सकाळी उघडतानाच जा.

परवा नांदुरीवरून सप्तशृंगी गडाचा घाट चढलो, एसी चालू, गाडीत पाच जण. काटा मधेच होता, आणि वर गाडी उभी केल्यावर फॅन सुरू झालेला मी काच खाली करून ऐकला.